गुलाबी बुरशी

३ मार्च, सकाळ.
टाइल्सचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून नुसत्या येरझाऱ्या. आजपासून बंद. परसातल्या हौदात गोड्या पाण्यातल्या, खायच्या गोगलगायी पाळणार. नाक्यावरच्या हॉटेलचा आचारी म्हणाला, पिल्लं दाखवा, कायमची ऑर्डर देतो. हौदात हिची कमळं आहेत. ही म्हणाली, महिनाअखेरपर्यंत घ्या हौद. नाही जमलं तर मुकाट्याने माझी कमळं सांभाळायची. कबूल केलं. हरण्याचा प्रश्नच नाही.

५ मार्च.
कमळं चिखलासकट नळाजवळच्या जुन्या टबात हलवली. हौदाला पांढऱ्या टाइल्स. जन्मभर लोकांची बाथरूमं चकाचक केली, गोगलगायींनी काय पाप केलंय? ही म्हणाली, अहो, त्यांना चिखल लागतो. म्हटलं, सवयीचा भाग आहे.

८ मार्च.
लिंबाएवढ्या, टपोऱ्या गोगलगायी आल्या. आल्या आल्या शंखाचं दार लावून बसल्या. नवं घर, लाजत असतील.

११ मार्च, पहाट.
झोप नाही. हौदाकडे चक्कर. पाण्याच्या वर टाइल्सना गुलाबी दाण्यांचे गठ्ठे चिकटलेले. बाथरूममधली ओली बुरशी. मला पुस्तक उघडायची गरज नाही. कडक ब्रशने घासून काढली.

१३ मार्च.
पुन्हा बुरशी. पुन्हा ब्रश. काही गोगलगायी गायब. मी म्हटलं, मांजर. ही म्हणाली, तुम्ही सारखे डोकावता, कंटाळून गेल्या असतील.

२२ मार्च.
बुरशी चिवट, मी तिच्याहून चिवट. पिल्लू मात्र एक नाही. विकणाऱ्याला फोनवर झापलं, सगळे नरच गळ्यात मारलेस. तो म्हणाला, अंडी दिसतात का? म्हटलं, हौद आरशासारखा ठेवलाय, असती तर दिसली नसती?

३१ मार्च.
आचारी आला. हौद बघून म्हणाला, साहेब, स्विमिंग पूल झकास. मग नळावर हात धुवायला गेला तो तिथेच उकिडवा बसला. टबाच्या काठाला तीच गुलाबी बुरशी, खाली चिखलात माझ्या गायब झालेल्या गोगलगायी, आणि भोवती मिरीएवढी पिल्लं वळवळताहेत. हिला म्हणाला, वहिनी, अंडी काय जपलीत. ही म्हणाली, जपलं कुठे, नुसता हात लावला नाही.
मी हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

१ एप्रिल.
ऑर्डर हिला मिळाली. ठरल्याप्रमाणे कमळं मी सांभाळायची. सकाळी टोपी घालून, बाह्या सरसावून टबाशी गेलो. कमळं गोगलगायींनी देठासकट फस्त केली आहेत.
ब्रश हिने कुलपात ठेवलाय. येरझाऱ्यांना हरकत नाही म्हणाली, टबापासून लांब घाला.