दोन दारांची मधली खोली

गुरुवार, ११ नोव्हेंबर १९९९
केळशी

दुपारच्या एस.टी.ने येथे पोहोचलो. गाडी कातळी सड्यावरून उतरू लागली आणि माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसला, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षीही मन प्रसन्न झाले, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. बत्तीस वर्षे सांगलीत तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे कोणी निवाडा मागावा, हेही सुखावणारेच आहे.

वाद साधा आहे. आत्माराम आणि चिंतामणी हे चुलतभाऊ. नारळी-पोफळीच्या आगराची वाटणी झाली, पण विहीर नेमकी हद्दीवर आली. अकरा वर्षे दोन्ही घरांत बोलणे नाही. कोर्टाच्या तारखा तेवढ्या चालू आहेत. अखेर दोघांपैकी कोणालाही न ओळखणारा लवाद हवा, म्हणून माझी निवड झाली.

मला दिलेली खोली घराच्या मधोमध आहे आणि ती अद्याप वाटली गेलेली नाही. डावे दार आत्मारामांच्या माजघरात उघडते, उजवे चिंतामणींच्या. दोन्ही दारांच्या कड्या पलीकडून आहेत. समोर तिसरे दार, चार पायऱ्या आणि रस्ता. चिऱ्याच्या भिंती थंड आहेत. लिहिण्यास जागा उत्तम.

शनिवार, १३ नोव्हेंबर

आज अटी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पहिली: जेवण एक दिवस डाव्या घरी, एक दिवस उजव्या. दुसरी: निवाडा जाहीर होईपर्यंत या घरांतील कोणी माझ्या खोलीत पाऊल ठेवू नये. तिसरी: एका घराने दिलेली आणि दुसऱ्याने न दिलेली कोणतीही वस्तू, औषध वा वाहन मी स्वीकारणार नाही; स्वीकारल्यास निवाडा रद्द. चौथी: दोन्ही सह्यांवाचून अटींत बदल नाही. सही करताना चिंतामणींनी विचारले, मास्तर, तुम्ही आम्हाला बांधलंत की स्वतःला? बंधन समान असले की त्याला न्याय म्हणतात, असे मी उत्तर दिले.

जेवणे मात्र सुखाची नाहीत. आत्मारामांच्या पत्नी यमुनाबाई वाढताना विचारतात, की काल पलीकडे आमटीत मीठ होते का, की तेही आमच्याकडून चोरायचे राहिले. चिंतामणींच्या पत्नी उमाबाई ताट ठेवतात आणि म्हणतात, की तिकडे पोट भरले असेल तर इथे नुसते बसलात तरी चालेल. मी दोन्हीकडे हसत नाही. लिहिताना दारांच्या फटींतून माझ्याकडे पाहिले जाते. डावीकडून आणि उजवीकडून, बहुधा समान वेळ.

सोमवार, १५ नोव्हेंबर

सकाळी बेंबीभोवती दुखू लागले. अन्नावरची वासना गेली, दोनदा उलटी झाली. दुपारपर्यंत दुखणे खाली सरकून उजव्या बाजूस स्थिर झाले.

यमुनाबाईंनी दाराआडून सांगितले, की बांधलेल्या पोटाला एरंडेलाखेरीज उतारा नाही, आणि दार वीतभर उघडून पेला आत सरकवला. तिसऱ्या अटीचे स्मरण करून मी तो नाकारला. थोड्याच वेळात उजवी कडी वाजली. उमाबाईंचाही पेला आला, तितकाच भरलेला. आता नकाराला कारण उरले नाही. मी दोन्ही प्यालो.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

दर मंगळवारी हर्ण्याहून स्कूटरने डॉक्टर नीरजा येथे रुग्ण पाहण्यास येतात. रस्त्याने जाताना दिसल्या, म्हणून हाक मारली.

त्यांनी उताणे निजवून उजवीकडे खाली हळूहळू दाबले आणि हात एकदम काढला. दाबण्यापेक्षा सोडताना अधिक दुखले. मग खोकण्यास सांगितले, तीच कळ. कसोटी नेटकी होती, हे मान्य करतो. एरंडेलाचे दोन पेले ऐकून त्यांनी दोन्ही दारांकडे आळीपाळीने पाहिले. मग म्हणाल्या, की हे अपेंडिक्स आहे. फुटले तर आतली घाण साऱ्या पोटात पसरेल, आणि मग हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. अन्न नाही, पाणी नाही, जुलाब तर नाहीच. आत्मारामांच्या जीपमधून आत्ताच्या आत्ता दापोलीला, सर्जनकडे.

मी तिसरी अट सांगितली. त्या म्हणाल्या, की सर, अटी पोटाला कळत नाहीत. आजची शेवटची एस.टी. गेली होती, उद्या सकाळी सातची, जी कोणत्याच घराची नाही, तिने जाईन असे मी ठरवले. त्यांनी रागानेच सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली. पायऱ्यांवर उभे राहून दोन्ही घरांना ऐकू जाईल असे त्यांनी बजावले, की म्हाताऱ्याला आजच हलवा. आणि मला म्हणाल्या, की दुखणे एकाएकी थांबले तर बरे झालो समजू नका, तेव्हा दुप्पट घाई करा.

या शेवटच्या वाक्यावर विचार केला. दुखले तरी रोग आणि थांबले तरी रोग, असे असेल तर त्या हेतूने, म्हणजे त्या पुराव्याने, काहीच सिद्ध होत नाही. विदुषी आहेत, पण युक्तिवादात कच्च्या.

बुधवार, १७ नोव्हेंबर, सकाळ

सहाला जाग आली ती दुखणे थांबल्यामुळे. पूर्ण थांबले. सातची एस.टी. जाऊ दिली.

निवाडा लिहून काढला. विहीर दोघांची, दोघांनीही आपापला दगडी गडगा पाच फूट मागे घ्यावा. कोणालाच आवडणार नाही. सही संध्याकाळी करीन.

बुधवार, दुपार

सगळीकडे. आता एका बाजूस नाही, सगळीकडे. पोट फळीसारखे कडक झाले आहे. मी सैल सोडू म्हटले तरी सुटत नाही. श्वास छातीच्या वरच्या वर घ्यावा लागतो. कालपर्यंत पोटात गुरगुर होती. आता आत काहीच आवाज नाही. गुडघे सरळ करता येत नाहीत. पायऱ्या चारच आहेत. उतरता येत नाहीत, आणि रस्त्यावर हाक मारण्याइतका श्वास पुरत नाही.

धूर आहे तेथे अग्नी आहे. यावरून धूर नाही तेथे अग्नी नाही, असे ठरत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे मी बत्तीस वर्षे पहिल्याच आठवड्यात शिकवले. आणि आज सकाळी —

डावे दार ठोठावले. जीप काढा म्हणालो. आत्मारामांनी पलीकडून फार नम्रपणे विचारले, की निवाड्यावर सही झाली का. नाही म्हणालो. मग म्हणाले, की तिसरी अट आहे ना, मास्तर.

उजवे दार ठोठावले. चिंतामणींकडे आंब्याचा टेंपो आहे. तेही तेच म्हणाले. अक्षरशः तेच. अकरा वर्षांत दोन्ही घरांचे प्रथमच एकमत झाले.

गुरुवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

उलटी हिरवी. जीभ लाकूड. नाडी मोजली, एकशे तीस, मग आकडे विसरलो. लघवी कालपासून नाही.

डॉक्टरांना फोन करा म्हणालो. कोणाच्या घरून, असे दोन्हीकडून विचारले.

दोन्ही दारे उघडी आहेत. उंबऱ्यांवर उभे आहेत सगळे. आत कोणी येत नाही — दुसरी अट. माझ्या डोक्यावरून बोलतात. निम्मी वाट जीप, निम्मी वाट टेंपो, म्हणजे अट मोडत नाही. मुद्देसूद बोलतात. माझ्यासारखे. निम्मी वाट नेमकी कोठे, यावर मतभेद. आधी कोणाची गाडी, यावर — पहिल्या गाडीत गेला तर दोष आमच्यावर का, असे यमुनाबाई. दुसऱ्या गाडीत गेला तर आमच्यावर का, असे उमाबाई.

पाण्याचे दोन पेले जमिनीवर. सारखे भरलेले.

गुरुवार

थंडी. भिंत थंड नाही, मी —

त्यांना निवाडा नको आहे. कोणालाच. सही न झालेला निवाडा कोणाविरुद्धच नसतो. हे त्यांना मी न शिकवता —

कागद लिहिला. अट मागे घेण्याचा. चौथी अट, दोन सह्या हव्यात. डावीकडे धरला. आधी त्याची, म्हणाले. उजवीकडे धरला. आधी त्याची.

दोघांच्याही खिशाला पेन आहे. दिसते मला.

एकट्याने मागे घेता येते का. कोणी लिहिल्या अटी — मी. तर मग मीच. साक्षीदार नको. मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत, तिसरी अट याद्वारे मागे घे