वाणात गेलेली डिस्क

कलबुर्गी, २७ डिसेंबर २०२४

ती. सौ. सुमतीमावशीस,
प्रणिताचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. घर दोन खोल्यांचं, फोनवरचं सगळं पलीकडे ऐकू जातं, आणि बोलायचंय ते श्रीनाथबद्दलच. पुण्याची नोकरी गेल्यापासून चार महिने तो दार लावून बसलाय. आई दाराशी ताट ठेवते. सख्ख्या बहिणीनं काही विचारलं तरी व्हय नाहीतर न्हाई, तिसरा शब्द नाही. मला आता भीती वाटायला लागली आहे.

परवा लायब्ररीतून सुटल्यावर एका दुकानात सेलच्या टोपलीत जुने कॉम्प्युटर गेम दिसले, आणि आठवलं. लहानपणी अप्पांनी उदगीरच्या सेलमधून एक गेम आणला होता. एकजण समुद्रात बुडी मारतो, दुसरा नावेतून पंपानं त्याला हवा पुरवतो. श्रीनाथ बुडी मारायचा, मी पंप मारायचे. शेवटी तळाशी एक पेटी होती. तिथवर पोचलो आणि मी बोरं खायला उठले. तो बुडाला, कडाक्याचं भांडण झालं आणि रागाच्या भरात मी डिस्कच मोडली. पेटीत काय होतं ते आजवर कळलं नाही.

‘ब्लू बेल डायव्हर’ हे त्याचं नाव. इंटरनेटवर शोधून दमले, कुठे नाही. आमचा जुना कॉम्प्युटर अजून डिस्क घेतो. तुमच्याकडच्या दुकानांत जुना माल पडून असतो, बघशील का? हा गेम लावला तर तो बाहेर येईल, असं मला उगाच वाटतंय.

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझी,
प्रणिता


भालकी, १६ जानेवारी २०२५

चि. प्रणितास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. श्रीनाथचं वाचून जीव कळवळला. आणि दुसरा विचार आला तो पेटीचा. काय असेल गं तिच्यात? नेमकी तेव्हाच बोरं आठवली तुला, धन्य आहेस.

बसस्टँडसमोरच्या शरणप्पाच्या दुकानात मागे एक पत्र्याचा टप आहे, त्यावर कन्नडमध्ये काहीही उचला असं लिहिलंय. अक्का, तुम्हाला ह्ये कामून पायजे, असं त्यानं विचारलं. खेळायला, असं मी सांगितलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. पण मी आता चांगली तयार झाले आहे. वरवरचे उचलायचे नाहीत, ते सगळ्यांनी हाताळून टाकलेले असतात. हात तळाशी घालायचा. डिस्क उजेडात तिरपी धरून चरे बघायचे. डब्यात माहितीची पुस्तिका जागेवर असेल तर आधीच्या मालकानं गेम जपलाय असं समजायचं. किमतीच्या चिकट्या नखानं सोलून बघितल्या, एकावर एक पाच निघाल्या. काकांना घेऊन उदगीरलाही जाऊन आले. ते कुरकुरतात, पण पिशवी तेच धरतात.

शेवटी शरणप्पानं अख्खा टपच माझ्या गळ्यात मारला. एकेक डबा चष्मा लावून वाचला, तुझा डायव्हर नाही. मग संक्रांतीला दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे कशाला, म्हणून हळदीकुंकवाला या डिस्काच लुटल्या. मागच्या गल्लीतल्या सत्यभामाबाईंना चार खेळांची एक गेली, वर हसरा देवमासा काढलेला. लई झ्याक हाय, आरशागत चमकायलंय, म्हणून त्या खूश झाल्या. बाकी शोध चालू आहे.

आईला सांग, धीर सोडू नकोस म्हणावं.

तुझी मावशी,
सुमती


कलबुर्गी, २० जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

हसरा देवमासा वाचलं आणि मी ताडकन उठले. तीच ती, मावशी. डायव्हर त्या चारांतला तिसरा खेळ, नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. आम्ही सदानकदा तोच खेळायचो, त्यामुळे डब्याचं नाव निराळं होतं हेच मी विसरले. चूक माझी. पण ती डिस्क परत मिळेल का गं?

काल दाराशी उभी राहून श्रीनाथला सहज विचारलं, त्या पेटीत काय असेल रे? मी जायला वळले. मग आतून म्हणाला, तू पंप सोडून गेलीस की. एवढंच. मला लागलं ते, पण इतक्या महिन्यांनी तो एक अख्खं वाक्य बोलला होता.

वाट बघते. रागावू नकोस.

तुझी,
प्रणिता


भालकी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितास,
मावशीचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी पेचात होते. लुटलेलं वाण परत मागायचं नसतं. हेच मी गल्लीतल्या सुनांना सांगत आले, आता स्वतः कोणत्या तोंडानं मागू? दोनदा सत्यभामाबाईंकडे नुसती चहा पिऊन आले. डोळे त्यांच्या कपाटावर, तिथे देवमासा नाही. तिसऱ्यांदा न राहवून विचारलं, गेम आवडला का? तर म्हणाल्या, पाखरं लई तरास द्यायलीत, हळ्ळीखेडच्या शेतात ज्वारीत टांगलंय त्ये.

डिस्क मागितली नाही, पण श्रीनाथची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, रथसप्तमीला माझ्याकडं हळदीकुंकू हाय, तुम्ही यायलाच पायजे.

आज गेले. ओटी भरल्यावर त्यांनी हातात वाण ठेवलं. पदरानं पुसलेली डिस्क होती, मधल्या भोकात सुतळी तशीच, आणि वर ओंजळभर बोरं. मला तिथेच रडू आलं, बायका बघत राहिल्या.

डिस्कवर दोन चरे आहेत, पण कडेला. बोरंही पाठवते आहे. या खेपेला ती आधी खाऊन घे.

पेटीचं लगेच कळव, मला झोप नाही.

तुझी मावशी,
सुमती


कलबुर्गी, १३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
श्रीनाथचा सा. न. वि. वि.

प्रणिताअक्का लिहायला बसली होती, कागद मी मागून घेतला.

तिनं कॉम्प्युटर मुद्दाम माझ्या भिंतीला लागून मांडला आणि आवाज मोठा ठेवला. पंपही तीच मारायची, बुडीही तीच, त्यामुळे दर वेळी मरायची. तीन दिवस मी ते ऐकलं. चौथ्या दिवशी राहवेना. बाहेर येऊन म्हटलं, सरक, तुला बुडायला जमंना. ती सरकली आणि पंपावर बसली. जागची हलली नाही.

पेटीशी पोचल्यावर कळलं की झाकण उघडेपर्यंत तिसऱ्या कुणीतरी दिवा धरून ठेवावा लागतो. आमचे चारही हात अडकलेले, म्हणून मी आईला हाक मारली. ती भाकरी थापत होती. पिठाच्या बोटानं सांगितलेलं बटण दाबून उभी राहिली आणि सारखी विचारत होती, सोडू का, सोडू का?

पेटीत बूट निघाला. डाव्या पायाचा, एकच. आई हसत सुटली, हसता हसता रडायला लागली, आणि बटण काही सोडेना.

रविवारच्या बसनं भालकीला येतोय. सत्यभामाबाईंची ज्वारी अजून उभी असेल तर डिस्क त्यांच्या शेतात माझ्या हातानं टांगतो. सुतळी जपून ठेवली आहे. नोकरीचं अजून काही नाही. तू विचार, मी सांगेन.

काकांना नमस्कार. मला एवढे दिवस सांभाळून घेतलंत, अजून थोडे घ्या.

तुझा,
श्रीनाथ