दोन डब्यांतले कथील

अण्णा, आधी घडले ते क्रमाने मांडते, मत नंतर. आठ महिन्यांपूर्वी तुमच्या नातीला, माझ्या भाचीला, मुलगी झाली. बारशासाठी मी त्या बाळाला उघड्या तोंडाच्या दोन मनगट्या घडवल्या. तांबे आपल्या फुटक्या घंगाळाच्या काठाचे. नुसत्या तांब्याने कातडी हिरवी पडते, म्हणून मनगट्यांना आतून-बाहेरून कल्हई केली. कल्हईचे कथील तुमच्या बंद झालेल्या दुकानातले. काल दुपारी भाचीचा सुरगाण्याहून फोन आला. ती तिथल्या शाळेत शिकवते. "आत्या, हिला दात येतायत गं. चांदीची साखळी नको, खुळखुळा नको, दिवसभर तुझीच मनगटी चघळत बसते. चव लागलीय तिला तुझ्या भंगाराची!" मी हसले आणि म्हणाले, "चघळू दे. शुद्ध कथील आहे." माझे शब्द नेमके हेच होते.

फोन ठेवून मी कामाला बसले. इंदिरानगरच्या घराची मागची खोली आता माझी कार्यशाळा आहे. रिक्षाच्या जुन्या मीटरची दातेरी चाके, स्टोव्हच्या पिना, किल्ली हरवलेली कुलुपे यांतून मी पक्षी घडवते, कानातली करते. बाजारातून नवे मणी आणून ते गोंदाने चिकटवायचे आणि त्यालाच 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणत प्रदर्शने भरवायची, अशा मंडळींत मला मोजू नका. माझ्याकडच्या प्रत्येक तुकड्याचे मूळ मला ठाऊक असते, निदान कालपर्यंत तसा माझा समज होता. पत्र्याच्या बगळ्याचा पाय डाग देऊन जोडायचा होता, म्हणून बरणीतली कथलाची कांडी तुकडा मोडण्यासाठी वाकवली. ती वाकली, पण आवाज आला नाही. दुसरी वाकवली, ती कुरकुरली. तिसरी पुन्हा मुकी. 

धातुशास्त्राची पदवी घेऊन मी घरी आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. भांडीबाजारामागच्या गल्लीतले आपले दुकान, नवसागराचा घशात बसणारा धूर, मांडीवर पालथे पातेले घेऊन तुम्ही बसलेले. तुम्ही एक कांडी कानाशी नेता, हलकेच वाकवता, डोळे मिटता. मी म्हणते, "अण्णा, ही काय तपासणी झाली? घनता मोजा. आकडा मिळेल." तुम्ही मान वर न करता सांगता, "कथील वाकवलं की कुरकुरतं. शिसं मिसळलं की मुकं होतं. अन्नाच्या भांड्याला मुकं लावायचं नाही. तुमचं पुस्तक वाकवून बघा बाईसाहेब, कुरकुरतं का?" शेजारचे काका खो खो हसले होते. मला ते हसणे फार लागले. त्यानंतर तुमच्या हयातीत मी कधी कांडी कानाशी नेली नाही. खरे तर मला आवाजामागचे शास्त्र माहीत होते. तो स्फटिकांच्या सरकण्याचा आवाज आहे हे मी परीक्षेत लिहून आले होते. फक्त तो ऐकण्याची तसदी घेतली नव्हती.

रात्रभर मी एकच हिशेब करत राहिले: आठ महिन्यांचे बाळ, दोन मनगट्या, शिसे. शिसे लहान मुलाच्या मेंदूला काय करते, ते मला कोणी सांगण्याची गरज नाही. शिकलेल्या माणसाची भीती अडाण्याच्या भीतीहून वाईट असते, कारण तिला सगळे तपशील पाठ असतात. मनगट्यांना लावलेली कांडी त्याच दिवशी संपली. ती कुरकुरणारी होती की मुकी, हे आता त्या मनगट्यांखेरीज कोणालाच ठाऊक नाही.

सकाळी सातला फोन केला. बाळाचे बोबडे आवाज ऐकू येत होते. मी म्हटले, "मनगट्या आत्ताच्या आत्ता काढ. पिशवीत बांधून ठेव. बाळाचे हात-तोंड धू." ती म्हणाली, "आत्या, तू तर काल म्हणालीस चघळू दे." "म्हणाले." "मग एका रात्रीत काय झालं?" मी रक्ततपासणीचे सांगितले, मनगट्या प्रयोगशाळेत देऊ म्हणाले. उद्या पहिल्या जीपने ती बाळाला घेऊन नाशिकला येते आहे. फोन ठेवताना तिने विचारले, "पण मुळात झालं कसं?" आणि मी उत्तर दिले, "अण्णांच्या डब्यात भेसळ असावी."

अण्णा, वर मांडलेल्या क्रमातून मी एक बाब गाळली आहे. तुमच्याकडे डबा एक नव्हता, दोन होते. बिस्किटांच्या डब्यात अन्नाच्या भांड्यांचे कथील. पावडरीच्या दुधाच्या डब्यात शिसे मिसळलेले, फक्त आंघोळीच्या घंगाळांचे सांधे भरायला. दोन्ही गंजलेले, दोन्हींवर काही लिहिलेले नाही. तुम्ही गेल्यावर दुकान आवरताना मला ते गबाळे वाटले. मी दोन्ही डबे एका काचेच्या बरणीत रिकामे केले, बरणी पुसली आणि तिच्यावर सुबक छापील चिठ्ठी लावली: 'कथील'. डबे मीच भंगारात घातले. तेवढीच एक गोष्ट मी आयुष्यात भंगारात घातली असेन.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, हे मला समजते. तरीही मागणी करते. तुमच्या दुकानात भेसळ नव्हती, डबे दोन होते आणि ते एक कोणी केले, एवढे तुमच्या हाताने लिहून द्या. उद्या भाची दारात उभी राहील तेव्हा मी तो कागद तिच्या हातात देईन. माझ्या तोंडून ते निघेल असे मला वाटत नाही. उत्तर लेखी द्या, आणि जीप येण्याआधी द्या.