दूध बख्शायचं राहिलं

बोरी अरब,
१६ जानेवारी १९६३

प्रिय रौशन,

तू राजूरला सुखरूप पोचलीस, पाय सुजलेत पण पोटातलं बाळ चांगलं हलतंय, असं वाहिदभाईंनी कळवल्याचं गुलाम नबी चाचा सांगत होते. ऐकून बरं वाटलं. हे मनापासून लिहिते आहे, कारण यापुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही. वाहिदभाई खाणीवरून यायच्या आत, एकटीच बसून वाच.

मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, लहानपणापासूनचा. माझ्या जन्मानंतर आई तापाने अंथरुणाला खिळली आणि मधल्या भिंतीपलीकडे तुझ्या अम्मीने मला पाजलं, हे आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही? शाळेत जाईपर्यंत मीही तिला अम्मीच म्हणत होते. मग बाबांच्या पोस्टातल्या कुणी तरी काही म्हटलं आणि घरात ठरलं, आता चाची म्हणायचं. तुला कुणी काही बदलायला लावलं नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. चाचीने माझ्या डोक्यावर हात ठेवून "शाबास रे माह्या पोरी" म्हटलं आणि लगेच वळून तुला विचारलं, "रौशन, जेवली काय वो?" त्या एका प्रश्नासाठी मी तेव्हा पदवी देऊन टाकली असती. असं वाटणं शोभत नाही हे मला कळतं. शाळेत मी मुलींना समतेवर निबंध लिहायला सांगते.

दिवाळीनंतर चाचीच्या छातीतली गाठ कळली तेव्हा, खरं सांगू, भीतीच्या मागोमाग मला असंही वाटलं की आता तिला माझी गरज लागेल. लागलीही. यवतमाळला मी नेलं, तिथून नागपूरला मीच नेलं. तिथले मोठे डॉक्टर तिच्याकडे न बघता माझ्याशी इंग्रजीत बोलले. कॅन्सरच आहे. एक वाट ऑपरेशनची: उजवा स्तन, खालचं मांस आणि काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. आज तरी हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय, पण हात सुजेल आणि पूर्वीसारखा वर जाणार नाही. दुसरी वाट मुंबईची: तिथे दोन-अडीच महिने राहून विजेच्या किरणांचा शेक. शरीर शाबूत राहील, पण नुसत्या शेकाने मुळासकट जाईल असं ते सांगू शकत नव्हते. काय ते लवकर ठरवा, म्हणाले.

घरी आल्यावर पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसून मी तिला सगळं समजावलं, काही न लपवता. माझं मत ऑपरेशनचं होतं, तेही सांगितलं. चाचा मात्र मुंबईवर अडून बसले. "कापू नका," एवढंच म्हणत होते, "घर विकतो, पण तिले कापू नका." चाची ऐकत होती आणि गादीला टाके घालत होती. थंडीचे दिवस, साऱ्या गावाला रजया हव्या. मला एवढंच विचारलं, "या हातानं शिवता येईन काय?" मी म्हटलं, कदाचित नाही. ती म्हणाली, "बरं," आणि दोरा दातांनी तोडला. माझ्या मताचं ती काय करणार हे कळलंच नाही.

मग तू आलीस. आल्या आल्या तिने तुला आत नेलं, तुझा हात धरला आणि त्या गाठीवर ठेवला. मी दारात होते, मला दिसलं. मला तिने फक्त डॉक्टरांचे कागद वाचायला दिले होते, रौशन. गाठ कधी दाखवली नव्हती.

आणि तो शुक्रवार. नमाजनंतर तिने तुम्हा दोघा भावंडांना, तुला आणि जलालला, समोर बसवलं. मी आमच्याकडून चहाची किटली घेऊन आले होते आणि उंबऱ्यातच थांबले. "मैंने तुमको अपना दूध बख्शा," ती म्हणाली. तू रडलीस, जलालने तिचे हात डोळ्यांना लावले. माझ्याकडे तिने पाहिलं आणि म्हणाली, "रजनी, चहा थंडा होते ना वो." आमच्यात अशी रीत नाही, म्हणून मला चाचांना अर्थ विचारावा लागला. आई पाजलेल्या दुधाचं ऋण माफ करते, मूल मोकळं होतं. आणि बहुधा अशा वेळी माफ करते, जेव्हा फार दिवस उरलेले नसतात.

यातून मी दोन गोष्टी समजले आणि दोन्ही चुकीच्या निघाल्या. पहिली, की तिने काहीच करायचं नाही असं ठरवलं आहे, ना नागपूर ना मुंबई, म्हणून ती आवराआवर करते आहे. दुसरी, की त्या आवराआवरीत माझा हिशोबच नाही. कागद वाचायला रजनी, एस.टी.त उलटी झाली तर पाठ चोळायला रजनी, पण लेकरांच्या ओळीत नाही. तू गेल्यावर मी त्यांच्याकडे पाऊल टाकलं नाही. आई म्हणाली, "अगं, एवढी आजारी बाई, तू रुसतेस कोणावर?" खरंच, कोणावर ते मला सांगता येईना. बहुतेक तुझ्यावर.

शेवटी काल शाळेतून तशीच गेले. चाची ऊन घेत रजईचे काठ शिवत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "माझं का नाही बख्शलं? मी प्यायले ते दूध नव्हतं? का पोस्टातल्या नीळकंठरावांच्या पोरीने प्यायलेलं फुकट?" ती एवढी हसली की चाचा बाहेर डोकावले. "पाहा जी, बी.ए. पास पोरगी भांडाले आली! बस खाली. उभ्यानं भांडू नाही, पाय दुखते."

मग तिने सांगितलं. तुझ्या आणि जलालच्या आधी एक मुलगी झाली होती, हे तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. ती आठवड्याभरातच गेली. "छाती दगडावानी झालती. ताप चढे, हात लावू देववत नव्हतं. तेवढ्यात तुही आजी तुले घेऊन आली. तू अशी तुटून पडली जशी माहीच वाट पाहून राह्यलती. तू प्यायली आन् मी वाचली, समजलं? तुह्यावर कर्ज कुठचं? तुले कायचं बख्शू?" मग तिने सुईत नवा दोरा ओवला. खाली पाहूनच म्हणाली, "बख्शाचं असन तर तूच मले बख्श. तुले पाजताना मी तुले रजनी म्हणत नव्हती. अमिना म्हणत होती. पुरं वर्ष. दुसऱ्याची पोर आपल्या मेल्या पोरीच्या नावानं पाजली म्या. तुह्या आईले आजवर सांगितलं नाही."

रौशन, तुला वाटेल हे ऐकून माझा हेवा गेला असेल. गेला नाही. आता तो दोघींचा वाटतो. त्या अमिनाचाही, जिच्या नावाची हाक ऐकत मी मोठी झाले. एवढी पुस्तकं वाचली, पण अशा वेळी काय म्हणायचं ते कुठे आलं नव्हतं. मी विचारलं ते भलतंच: मग नागपूर की मुंबई?

"नागपूर," ती म्हणाली, जणू कधीचंच ठरलेलं. "म्हणून तं त्याइले अगुदर बख्शलं. जे कापून देणार, ते गेल्यावर कशाच्या जोरावर बख्शू? आहे तोवर देऊन टाकलं." चाचा पुन्हा "मुंबई, मुंबई" करू लागले, तेव्हा तिने त्यांना गप्प केलं: "जनम गेला कापूस पिंजण्यात. गादीत सरकी राह्यली तर काय करता? वरून शेकता का गादी उसवून काढता?" चाचा उठून कापूस पिंजायच्या धनुकलीची तात उगाच ताणत बसले. हाताचं विचारलं तर म्हणाली, "डाव्यानं शिकीन. टाके वाकडे पडतीन, लोक म्हणतीन म्हातारी पिऊन शिवते."

तर पुढल्या मंगळवारी नागपूरला भरती व्हायचं आहे. तिथे रोग्याजवळ एकाच बाईला राहू देतात. चाची म्हणते, "तुम्ही दोघी ठरवा, मले भांडण नको." तुला सातवा महिना आहे, प्रवास झेपणार नाही, असं लिहून मी हा प्रश्न सहज मिटवला असता आणि तू मानलंही असतंस. पण ते कारण खरं नाही. तुझे पाय सुजले नसते तरी मी हेच लिहिलं असतं, म्हणून सरळ मागते: ती जागा मला दे. काल तिने जे मागितलं ते मी अजून दिलेलं नाही. ती वाट पाहत होती, मला कळत होतं, तरी मी तशीच घरी निघून आले. तुम्हा दोघांचं तिने देऊन टाकलं, तिकडे आता तिचं काही अडलेलं नाही. माझ्याकडे अडलंय. ते मी ऑपरेशनच्या आधी देणार नाही, तिने कितीही डोळे लावले तरी. ती शुद्धीवर येईल, पाणी मागेल, मला माझ्या नावाने नाहीतर त्या दुसऱ्या नावाने हाक मारेल, तेव्हाच म्हणेन, "अम्मी, बख्शलं." त्यासाठी तिला डोळे उघडावे लागतील, आणि मला तिथे असावं लागेल. होय म्हण आणि उलट टपाली कळव.

तुझीच, पण तुझ्या वाट्याचं मागणारी,
रजनी