आतल्या खोलीची पैज

बुधवार, १९ मार्च

पोचलो एकदाचे! पुण्याहून येलहंकाला, नयनाकडे. नयना विद्याधरची मावसबहीण. तिचे यजमान गुरुप्रसाद इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, पिढ्यान् पिढ्या बंगळुरात. त्यांचं मराठी ऐकताना मध्येच कन्नड कधी सुरू होतं कळत नाही. आम्ही गाडीतून विद्याधरची प्रदर्शनाची चित्रं उतरवायला लागलो तर म्हणाले, "अक्का, आधी स्वल्प कॉफी घ्या हो. चित्रं कुठं पळून जातात?"

जेवताना विद्याधरने पैज पुन्हा सांगितली, आता साक्षीदारांसमोर. "प्रदर्शनात एकही चित्र विकलं गेलं नाही, तर आतली खोली हिची. मी ब्रश गुंडाळून ठेवतो." सगळे हसले. मीही हसले.

लग्न झाल्यापासून त्या खोलीत त्याचे रंग आहेत. मी जेवणाच्या टेबलावर लिहिते. ताटं मांडायची वेळ झाली की कागद उचलायचे. कादंबरी चार वर्षं तिथेच अडकली आहे. खिडकीशी टेबल आणि आतून लावता येणारं दार — एवढंच हवंय मला.

एकही चित्र विकलं जाऊ नये. लिहून टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगणार हे?

गुरुवार, २० मार्च

सकाळी पॅलेस रोडवरच्या मोठ्या आर्ट गॅलरीत. जुना बंगला, आवारात झाडंच झाडं. विद्याधर प्रत्येक चित्राला नाक लावून उभा. "यात काय आहे? सांग ना, काय आहे?" मी काय सांगणार! एका कोपऱ्यात लहानसं चित्र होतं — एक बाई कुणाचीही पर्वा न करता वाचत बसलेली. मी तिथे रेंगाळले. "चल, पाय दुखतील," म्हणाला. माझ्या पायांची काळजी आजच बरी सुचली.

संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन. गॅलरी छोटी, दोन दालनांची. शेजारच्या दालनात दुसऱ्या कुणाची तरी चित्रं, आणि त्यातल्या बऱ्याच नावपट्ट्यांवर लाल ठिपके. चित्र विकलं गेलं की लावतात तसे. विद्याधर तिकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता.

त्याच्या सगळ्या चित्रांत एक पाठमोरी बाई आहे. अंबाडा, मानेवरचा तीळ, उजवा खांदा थोडा उतरलेला — मीच. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "ही कोण?"

"कुणी नाही," विद्याधर म्हणाला. "एक आकार."

मी शेजारीच उभी होते. हातात सामोशाची बशी! उकाडा भयंकर, पंखे नावाला. तोंड पुसत मी 'दुपार' नावाच्या चित्रासमोर बराच वेळ थांबले. हिचा खांदा का उतरलाय, ते मला माहीत होतं. पाण्याच्या बादल्या. त्या वर्षी आमची लिफ्ट बंद होती.

शुक्रवार, २१ मार्च

विद्याधर सकाळीच गॅलरीत गेला. नयना मला चिकपेटला साड्या दाखवायला घेऊन गेली. गर्दीत तिने तीन वेळा "सरी, सरी" — बरं, बरं — म्हणत घासाघीस केली आणि काही न घेता बाहेर पडली. दुपारी गॅलरीत पोचलो, तर विद्याधर दारातच उभा. चेहरा लाल. "गेलं! 'दुपार' गेलं!"

नावपट्टीवर लाल ठिपका. मी लांबूनच पाहिला.

कुणी घेतलं? दुपारी तिथे गॅलरीचा श्रीवत्स असतो, त्याला पत्ता नाही. म्हणाला, "सकाळी स्मृतीची ड्यूटी असते, तिनेच लावला असेल." गुरुप्रसाद म्हणाले, "मोठे लोक नाव सांगत नाहीत, अक्का. कुणीतरी दर्दी असणार!" नयनाने म्हैसूरपाक आणला. मी दोन वड्या खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत.

परत येताना विद्याधर गाडीत म्हणाला, "आता मोठे कॅनव्हास करणार. तुझ्या पुस्तकांचं रॅक आहे ना खोलीत — ते बाहेर काढावं लागेल."

बरं, म्हटलं.

शनिवार, २२ मार्च

आज ठिपका जवळून पाहिला.

मखमली आहे. माझी टिकली आहे ती!

गुरुवारी घाम पुसताना काढली असणार. आणि काढली की जवळच्या भिंतीला लावायची, ही माझी सवय. आरसा, कपाट, फ्रिज, बाथरूमच्या फरशा. विद्याधर नेहमी ओरडतो, "आपल्या घराला गोवर आलाय!" इथे हाताशी नावपट्टी होती. हातानं आपलं काम केलं. मला कळलंसुद्धा नाही.

चित्र कुणीही घेतलेलं नाही. पैज मी जिंकले आहे. आणि माझ्याच टिकलीने हरले आहे!

तिथेच सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याने हात धरला. "चल, कस्तुरबा रोडवरची गॅलरी राहिली आहे तुझी." माझी! वर्षानुवर्षांत त्याने रस्त्यावर माझा हात धरलेला नाही.

आज त्याला प्रत्येक चित्र आवडत होतं. "बघ, हा निळा बघ! केवढी हिंमत!" इतरांचा राग करणं एका दिवसात थांबलं. बाकावर बसून त्याने मला पाणी दिलं, आधी मला, मग स्वतः प्यायला. मी त्याच्याकडे बघत राहिले. केस किती पांढरे झालेत मागून. मी त्याला पाठमोरं कधी बघितलंच नव्हतं.

सांगितलं तर हा माणूस आजच्यासारखा पुन्हा दिसणार नाही.

नाही सांगितलं तर मी मरेपर्यंत जेवणाच्या टेबलावर.

रविवार, २३ मार्च

शेवटचा दिवस. दुसरं काही विकलं गेलं नाही. लोक आले, फोटो काढले, गेले. स्मृतीची सुट्टी होती. कुणी काही विचारलं नाही.

ठरलं. खोली त्याची. मी कुणाला काही सांगणार नाही. 'घेणाऱ्याने बेत बदलला' असं पुढे काहीतरी मीच पसरवीन. इतकं खोटं तर कथाकाराला जमायला हवं.

ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. नयना म्हणाली, "वहिनी, दादा किती खूश आहे! तू नशीबवान आहेस गं." मी मान डोलावली. चिडचिड होत होती, पण तिच्यावर कशाला काढायची? एका माणसाला आनंदात ठेवायला एक खोली लागली. काही बायकांना याहून जास्त द्यावं लागलं असेल.

सोमवार, २४ मार्च

चित्रं बांधायला सकाळी गॅलरीत. विद्याधर खाली गाडीशी. स्मृती भेटली. तिचे वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मूळचे साताऱ्याचे. माझ्याशी मराठीत बोलली. 'दुपार' उतरवताना मी म्हटलं, हे कुणाकडे पाठवायचं ते राहू दे, आम्हीच नेतो.

ती गोंधळली. "मॅम, हे सोल्ड नाहीये ना? ती तर टिकली आहे. शुक्रवारी सकाळीच बघितलं मी. काढायला गेले, तर सर म्हणाले, असू दे. माझ्या मिसेसची आहे. तिला सांगू नकोस."

"आणखी काय म्हणाले?"

"हसले फक्त. म्हणाले, खोली वाचली."

मी खाली गेले नाही. जिन्यात उभं राहून पुण्याला फोन लावला. शेजारच्या संयोगिताकडे आमची किल्ली असते. म्हटलं, आजच सुताराला बोलाव. आतल्या खोलीला कुलूप बसवून घे. किल्ली फक्त माझ्या हातात दे.

"आणि भाऊजींचं सामान गं?"

"हॉलमध्ये काढून ठेव."