केकवरचा शेरा

४ जून, सकाळी सहा
पन्नाशी उंबरठ्यावर असताना कळलं की मी जन्मजात बेकर आहे. काल पहिला केक केला. मध्ये जरा बसला, पण कडा अप्रतिम. ही म्हणाली, आत कच्चा आहे. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. संकल्प: रोज एक केक.

११ जून
ओव्हनने दगा दिला. खालून कोळसा, वरून खीर. मैदाही त्याला सामील असावा. मुलीने वास येतो म्हणून खिडक्या उघडल्या. पोटची पोर!

१९ जून
आमच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये तोंडी मताला किंमत नाही. म्हणून केकच्या डब्याबरोबर अभिप्रायाचा कागद फायलीसारखा फिरवला. संध्याकाळी डबा रिकामा! चौघांनी ‘पाहिले’ लिहून सह्या केल्या. शेजारच्या टेबलवरच्या माझ्या वीस वर्षांच्या दोस्ताने ‘सहमत’ लिहिलं. साहेबांनी लाल शाईत ‘मान्य’.
हिला कागद दाखवला. विचारत होती, यात केक खाल्ल्याचं कुठे लिहिलंय. जळते बिचारी.

२७ जून
आता रोज डबा नेतो. दोस्त आज माझ्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, तुझी जागा इथे नाही रे. गहिवरून आलं. माणूस असावा तर असा.

२ जुलै
ठरलं. स्वेच्छानिवृत्ती आणि स्वतःची बेकरी. ही म्हणाली, आधी एखाद्या परक्या माणसाला खाऊ घालून बघा, पोरीचं कॉलेज दोन वर्षं बाकी आहे. घरचीच माणसं पाय ओढतात.

३ जुलै
दहाला अर्ज दिला. साहेब चार दिवस मनधरणी करतील, तेव्हा काय बोलायचं तेही पाठ करून गेलो होतो. साडेदहाला अर्ज परत. ‘मान्य’. साहेब फोनवर होते, मान वर केली नाही. मला बघून त्यांना भरून आलं असतं, म्हणून असेल.

२९ सप्टेंबर
नोटिशीचे तीन महिने उद्या संपतात. खिडकीजवळचं माझं टेबल दोस्ताला मिळालं. त्यासाठी त्याने अर्ज केला होता. वीस जूनला!
त्याचं सामान हलवताना खण उलटा झाला आणि माझ्या केकचे तुकडे जमिनीवर गडगडले. जूनपासूनचे. कागदात गुंडाळलेले, तारीखवार लावलेले. एकालाही मुंगी लागली नव्हती. तो म्हणाला, खाववत नव्हता आणि तुझ्या हातचा म्हणून टाकवतही नव्हता. बाकीच्यांचे कुठे गेले, ते विचारायचं धैर्य झालं नाही.
विश्वासघात. वीस वर्षं याच्याबरोबर डबा खाल्ला. फार लागलं मनाला. रात्री जेवलो नाही.

३० सप्टेंबर
निरोप समारंभ. कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणला होता. पाच मिनिटांत फस्त. साहेबांनी तीन तुकडे घेतले. बोटं पुसत माझ्याजवळ आले आणि विचारलं, हा तुम्ही घरी केलात का.
मी हो म्हणालो.
म्हणाले, अहो, मग इतक्या वर्षांत एकदाही आणला नाहीत?