रोही आडवा आला

माय, तुझ्या त्या रोहीनं मला अजून सोडलेलं नाही. अपघाताला चौदा वर्षं झाली, तुला जाऊन अकरा, नव्वदचं दशकसुद्धा संपत आलं. तरी आमच्या मंडल कचेरीत नवा माणूस बदलून आला की आठ दिवसांत तो माझ्या टेबलाशी येतो, माझ्या डाव्या पायाकडे पाहून न पाहिल्यासारखं करतो आणि विचारतो, 'तुम्हाला म्हणे रोहीनं पाडलं?' मी मान हलवतो. मग त्याच्या गावाकडच्या रोहीची गोष्ट सुरू होते. कुणाची तूर खाल्ली, कुणाच्या बैलगाडीवर चालून आला, कुणाच्या साळ्याला कसा उडवला. मी हातातल्या मिसलीचे कागद पुढे ओढतो, पण तो काही हलत नाही. सरकारी कागदात ज्याला नीलगाय म्हणतात तो रोही आयुष्यात मी एकदाही जवळून पाहिलेला नाही, हे मी त्याला कसं सांगू?

तो दिवस पौषातला. वनखात्याच्या भरतीचा अर्ज आदिलाबादेत देऊन मी आपल्या गावी, बेल्याकडे परत येत होतो. अर्ज बाबूच्या हाती पडला होता, त्यामुळे मी खूश होतो, फटफटी सावकाश होती आणि मी माझ्या बाजूने होतो. हे तिन्ही मी चौदा वर्षं मनात घोकत आलोय, कारण मोठ्यानं सांगायची सोय तू ठेवली नाहीस. समोरून कापसाची गाडी येत होती. गाडीवान वर कापसात झोपलेला, बैल आपले रोजच्या वाटेनं चाललेले. त्या गाडीला ओलांडून एक जीप सरळ माझ्या अंगावर आली. जीप चालवणाऱ्यानं स्टिअरिंग दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं, आणि खाली मान घालून तो तळहातावर तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा फिरताना मला दिसला, माय. नंतर कडेची बाभूळ दिसली. मग नडगी दोन ठिकाणी मोडली.

त्यानं मान वर केली तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखलं. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या ओसरीत साखरपुड्याचा नारळ ज्यानं माझ्या हातात दिला होता, तोच हा. बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यानंच मला उचलून जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यापर्यंत ढसाढसा रडत आणलं. मीच त्याला म्हणत होतो, 'भाऊ, समोर पाहा.'

तू आलीस तेव्हा तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता. मी तोंड उघडलं, 'माय, याईनंच...' एवढंच बोललो असेन. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. हाताला शेणाचा वास होता, तशीच धावत निघाली असशील. आणि माझ्याकडे न बघता तू त्याला विचारलंस, 'रोही आडवा आला ना हो?'

तो तुझ्याकडे बघतच राहिला.

'बेल्याच्या रस्त्यानं लय रोही हायेत,' तू म्हणालीस. 'तुमी मांगून येऊन राह्यले होते. तुमी पाह्यलं. रोही आडवा आला.'

'हाव,' तो म्हणाला. 'रोही.'

झालं. माझा पाय मोडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तू हे उरकलंस. रजिस्टर घेऊन आलेल्या माणसालाही तूच सांगितलंस, आणि तुझ्या तोंडून ते इतकं सरळ आलं की त्यानं पुढे काही विचारलंच नाही.

कारण मला माहीत नव्हतं असं नाही. हळद लागायच्या आत सोयऱ्याच्या हातून रक्त सांडलं, तर आपल्याकडची म्हातारी माणसं सोयरीक पुढे जाऊ देत नाहीत. ते मोडून मोकळे होतात आणि खापर पोरीवर फुटतं. तिचा कशातच हात नसतो. तरी मला राग आला, अजूनही येतो. घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तू चुलीपुढे बसून माझं हाड जुळावं म्हणून कांडवेलीच्या काड्या ठेचत होतीस. मी त्याच खोलीत खाटेवर, मांडीपर्यंत प्लास्टर. बहीण नळावर गेलेली. मी विचारलं, 'माय, तू खोटं काऊन बोलली?'

'पोरीले पांढऱ्या पायाची म्हनतीन. मंग तिले कोन पुसन?'

'अन् माहा पाय?'

तू ठेचायची थांबली नाहीस. 'तुहा पाय जुळन बापा. पोरीचं मोडलं त जुळत नाई.'

मी भिंतीकडे तोंड केलं. प्लास्टरमुळे तेही धड जमलं नाही.

पण एकदा खोटं बोलून गप्प बसायचं की नाही? तू कुठली गप्प बसतेस! अख्खं गाव मला बघायला यायचं. प्रत्येक जण आधी प्लास्टरवर टिचकी मारायचा, मग 'दुखते काय?' विचारायचा, मग चहा घ्यायचा, आणि तू सुरुवातीपासून सगळं सांगायचीस. पहिल्या आठवड्यात नुसता रोही होता. दुसऱ्यात तो नर झाला. होळीपर्यंत तो निळाशार, बैलाएवढा झाला आणि त्याच्या मागे दोन माद्या आल्या. नंतर एकदा तू त्याचे पायही सांगितलेस, 'खुरापाशी कसे पांढरे फक, बाई!' बायका 'अगं माय' म्हणाल्या. मी खाटेवर दात खात पडलोय, आणि एक म्हातारा मला म्हणतोय, 'लेका, हॉर्न त वाजवायचा!'

आणि तो सोयरा! दर रविवारी पेरूची पिशवी घेऊन हजर. पहिले दोन रविवार तो खाली मान घालून बसला, तेव्हा मला त्याची कीवसुद्धा आली. तिसऱ्या रविवारी कुणीतरी त्याला विचारलं आणि त्याला कंठ फुटला. दोन बोटं कपाळाला लावून तो रोहीची शिंगं दाखवायला लागला. 'म्या आपल्या डोळ्यानं पाह्यलं ना! अस्सा आला सुसाट!' मोडलेल्या पायाचा धनी समोर पडलेला, आणि ज्यानं मोडला तो मला माझाच अपघात समजावून सांगतोय. मी उशी फेकून मारली असती, पण ती पायाखाली होती.

एकदाच, फक्त एकदाच, तुझा तोल गेलेला मी पाहिला. पाहुण्यांनी ओसरी भरली होती. सोयऱ्यानं गोष्ट संपवली, खिशातून डबी काढली, चुना घेतला आणि तळहातावर तंबाखू मळायला लागला. तू चहाची परात घेऊन येत होतीस. तिथेच थांबलीस. 'ते आमच्या घरात नाई मळायचं,' तू म्हणालीस. 'बाहीर जा.' मुलीच्या सासरच्या माणसाला असं कुणी बोलतं का? तो उठला, अंगणात गेला, तंबाखू फेकून हात धुऊन आला. पुन्हा आपल्या घरात त्यानं डबी काढली नाही. त्या दिवशी मला वाटलं, आता तू माझ्यापाशी येशील, काहीतरी बोलशील. तू परात ठेवलीस आणि बायकांना म्हणालीस, 'साखर कमी त नाई पडली?'

वैशाखात लग्न झालं. मला खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. पाठवणीच्या वेळी बहीण माझ्या गळ्यात पडून रडली आणि काय म्हणाली माहीत आहे? 'दादा, आता तरी गाडी पाहून चालवत जा.' मी तुझ्याकडे पाहिलं. तू पदराला डोळे पुसत होतीस आणि माझी नजर चुकवत होतीस.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. ज्येष्ठात वनखात्याची चालायची परीक्षा होती. तू नको म्हणत असताना मी गेलो. माझ्यासोबतची पोरं परत येऊन पाणी प्यायली तरी मी निम्म्या वाटेवर होतो. साहेबांनी जीप थांबवून पायाचं कारण विचारलं. मी काही बोलायच्या आत आपल्या गावच्या एका शहाण्यानं रोही सांगितला. साहेब पोट धरून हसले. 'अरे, जंगल में तो रोही ही रोही हैं! एक ने ये हाल किया, बाकी क्या करेंगे?' माय, त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. तू तिळाचं तेल कोमट करून आणलंस आणि पायाला चोळत बसलीस. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं की माझं काय गेलं हे तुला ठाऊक आहे. जंगलातली नोकरी मला लहानपणापासून हवी होती. तू तीन वर्षं दर रविवारी तेल चोळलंस आणि तापानं आठ दिवसांत गेलीस. ते काही बोलली नाहीस.

आता हे आजच का लिहितोय, ते सांगतो. तो सोयरा गेला. तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर बहिणीनं मला मागच्या अंगणात नेलं. रडून तिचा चेहरा सुजला होता. तिच्या नवऱ्याच्या दुखण्यात याच मोठ्या भाऊजीनं घर उचलून धरलं, तिची पोरं त्याच्या मांडीवर वाढली, हे तुला माहीत नाही, तू तेव्हा नव्हतीस. ती म्हणाली, 'दादा, जायच्या आंधी ते लय रडून राह्यले होते. सारखं म्हनत, तुह्या भावाचा पाय, तुह्या भावाचा पाय. मले खरं सांग. त्या दिवशी काय झालं व्हतं?'

चौदा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली, माय. उत्तर तोंडपाठ होतं: सावकाश होतो, माझ्या बाजूने होतो, तो तंबाखू मळत होता. आता काही मोडणार नव्हतं. ज्याचं नाव घ्यायचं तोही नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, हातात त्याच्याच तेराव्याच्या पत्रावळी.

'रोही आडवा आला,' मी म्हणालो.

'मंग ते रडत कायले होते?'

'त्याईनंच मले उचललं ना. लोभ होता त्याईचा.'

तिनं डोळे पुसले. तिचा जीव हलका झालेला मला दिसला, आणि माझा पुन्हा संताप झाला. तिच्यावर नाही, तुझ्यावर. दवाखान्यात तू एका दमात ते कसं बोललीस, याचं मला इतकी वर्षं नवल वाटायचं. मला तर तेवढाही वेळ लागला नाही.

हा कागद मी फाडणार आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि जिला येतं तिच्या हाती तो पडता कामा नये. मी तुझ्यावर चिडलेलाच आहे, ते काही संपलेलं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. परत निघताना मी तिला म्हणालो, मोठा नर होता, निळाशार, खुरांपाशी पाय पांढरे फक. तिनं ते विचारलंही नव्हतं.